मॅडम शिकवतच नाहीत

२०२४ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. रविवारी रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. रविवारी रात्री ती सहसा फोन करत नाही. सोमवारी सकाळी साडेसातचं लेक्चर असतं, त्याची तयारी चालू असते. मी 'काय गं?' म्हणेपर्यंत पलीकडून एकच वाक्य आलं, "दादा, माझ्याविरुद्ध अर्ज गेलाय."

अर्ज तसा साधा होता. एस.वाय.बी.एस्सी.च्या केमिस्ट्रीच्या मुलांनी प्राचार्यांना दिलेला, खाली वीस-पंचवीस सह्या. मॅडम वर्गात शिकवत नाहीत, व्हिडिओ पाठवतात आणि वर्गात आम्हालाच प्रश्न सोडवायला लावतात, तरी सिलॅबस वेळेत पूर्ण होण्यासाठी योग्य ती व्यवस्था व्हावी ही नम्र विनंती.

बहीण पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो (आपल्यापैकी बऱ्याच जणांना नसणार, आपला पगार महिनाअखेरीला आपोआप खात्यात येतो). जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नाही. दर वर्षी नव्याने नेमणूक. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं अशी वर्षानुवर्षं काढतात. अशा माणसाबद्दल 'शिकवत नाही' असा अर्ज जाणं म्हणजे पुढच्या जूनमध्ये यादीत नाव असेल की नाही, इथपर्यंतचा प्रश्न.

आणि गंमत (कसली डोंबलाची गंमत!) अशी की त्या दोन-अडीच महिन्यांत ती आजवर कधी नव्हे इतकी मेहनत घेऊन शिकवत होती.

ती जे करत होती त्याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. आपण उलटा वर्ग म्हणू, जरा विनोदी वाटतं पण चालेल. नेहमीच्या पद्धतीत सर वर्गात शिकवतात आणि गणितं घरी सोडवायची असतात. इथे उलट. शिकवण्याचा भाग मुलं आधी घरी बघून किंवा वाचून येतात, आणि वर्गातला वेळ सोडवण्यात, अडण्यात, भांडण्यात जातो. हे नाव ज्यांच्यामुळे गाजलं ते दोघे केमिस्ट्रीचेच शिक्षक, जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात वुडलँड पार्क नावाच्या गावात हायस्कूलमध्ये शिकवायचे. खेळांच्या स्पर्धांसाठी मुलं लांब जायची, तास बुडायचे. म्हणून २००७ मध्ये त्यांनी तास रेकॉर्ड करून ठेवायला सुरुवात केली. नंतर त्यांच्या लक्षात आलं की मुलांना आपली खरी गरज व्याख्यानाच्या वेळी नसते, अडल्यावर असते. मग व्याख्यानच घरी पाठवून दिलं.

विद्यापीठाच्या पातळीवर ही कल्पना त्याआधीपासून होती. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझूर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वर्गात प्रश्न विचारून मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावत होते. केमिस्ट्रीत पेनसिल्व्हेनियाच्या फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजात १९९४ च्या सुमारास 'पोगिल' नावाची पद्धत सुरू झाली. चार-चार जणांचे गट, हातात नीट रचलेली प्रश्नपत्रिका, सर फक्त फिरत राहणार. त्यात व्हिडिओचा पत्ताच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं स्वतःचं केमिस्ट्रीशी नातं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापुरतं. सर फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो, आणि फळा पुसायच्या आत उतरवून झालं की 'आज तास छान झाला' असं वाटायचं. प्रॅक्टिकलमध्ये पाण्याची दुष्फेनता काढायची. वाइनसारखा लाल रंग निळा झाला की ब्युरेट बंद. रंग का बदलतो हे मला चार वर्षांत कळलं नाही. रीडिंग शेजारच्याच्या जर्नलमधून यायचं. तरी पास झालो, चांगल्या मार्कांनी झालो, आणि त्याबद्दल कुणीही कुणाविरुद्ध अर्ज दिला नाही.

तर अर्जाची भानगड ऐकल्यावर मी बहिणीला म्हटलं, मला तुझा तास बघायचाय. विभागप्रमुखांची परवानगी काढून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. (शेवटचा बाक. वीस वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं. :-))

विषय होता बफर द्रावण. ज्यांचं विसरलं असेल त्यांच्यासाठी: थोडं ॲसेटिक ॲसिड आणि थोडं सोडियम ॲसिटेट पाण्यात एकत्र केलं की त्या मिश्रणाचा पीएच सहजासहजी हलत नाही. वरून थोडं ॲसिड टाकलं तर ॲसिटेट ते गिळून टाकतं. आपल्या रक्तात कार्बॉनिक ॲसिड आणि बायकार्बोनेटची अशीच जोडी असते, म्हणून रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास टिकून राहतो. या मिश्रणाचं एक सूत्र आहे, त्यात ॲसिटेट आणि ॲसिड यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्यायचा असतो. वर्गातल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ होतं. मी बाकाबाकावर बघितलं, बहुतेकांच्या वहीत चौकटीत लिहिलेलं.

बहिणीने फळ्यावर लिहिलं: १०० मिली बफर, दोन्ही घटक ०.१ मोलर, पीएच ४.७६. यात १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक मिली टाकला. पीएच किती? हे गणित सगळ्यांनी सुटसुटीत केलं, ४.६७. हेच ॲसिड १०० मिली साध्या पाण्यात टाकलं असतं तर पीएच सातवरून दोनपर्यंत घसरला असता. इथवर सगळं पुस्तकातलं.

मग तिने विचारलं, "हाच बफर पाणी घालून दहापट पातळ केला. ॲसिड टाकलेलं नाही, फक्त पाणी. पीएच किती होईल?"

हात वर करायला सांगितले. निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, पीएच वाढणार, कारण पातळ झालं म्हणजे ॲसिड कमी झालं. ती काही बोलली नाही. म्हणाली, शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवून द्या, तीन मिनिटं. आणि वर्गात जो कलकलाट झाला! माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी मित्राला सांगत होती, "अरे दोघं पण पातळ झाले ना, वरचा पण आणि खालचा पण!" सूत्राला बोट लावून सांगत होती. तो मान्यच करेना. मग त्याने आकडे घातले आणि गप्प झाला. गुणोत्तर एकच, पीएच तिथल्या तिथेच.

पण खरी मजा पुढच्या प्रश्नाची. "आता या पातळ बफरमधून १०० मिली घ्या आणि तेवढंच ॲसिड टाका. एक मिली, १ मोलर." सगळे कॅलक्युलेटरवर तुटून पडले. अर्ध्या मिनिटाने मागून आवाज आला, "मॅडम, मॅथ एरर येतोय!"

वर्ग हसला. मग दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला. ॲसिटेट होतं तेवढं सगळं संपलं होतं, गुणोत्तरात वर शून्य, आणि शून्याचा लॉग काढायला सांगितल्यावर बिचारा कॅलक्युलेटर दुसरं काय करणार. बहीण म्हणाली, "सूत्र बाजूला ठेवा. फ्लास्कमध्ये आता काय आहे ते सांगा." दोन-तीन मिनिटं शांतता. मग एक जण चाचरत म्हणाला, "नुसतं ॲसेटिक ॲसिड?" (आणि थोडं मीठ, पण ते सध्या कामाचं नाही.) म्हणजे आता हा बफर राहिलाच नाही, साधं सौम्य ॲसिड झालं, त्याचं गणित वेगळं. करून पाहिलं तर पीएच ३.२ च्या आसपास.

मी त्या पोरांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. मॅथ एरर येणं आणि 'फ्लास्कमध्ये काय आहे' याचं उत्तर सापडणं, यांच्या मधली जी दोन-तीन मिनिटं होती, ती घरी एकट्याने काढणं मला तरी जमलं नसतं. मी वही मिटून झोपलो असतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी वही उतरवली असती.

केमिस्ट्रीत हे जास्तच होतं, त्याला कारण आहे. ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये ते फार छान मांडलं होतं. केमिस्ट्री तीन पातळ्यांवर चालते. एक, डोळ्याला दिसतं ते, म्हणजे रंग बदलला, साका बसला. दुसरी, डोळ्याला न दिसणारे रेणू आणि आयन. तिसरी, फळ्यावरची चिन्हं आणि सूत्रं. शिकवणारा माणूस एका वाक्यात तिन्हींवर फिरून येतो, त्याला कळतही नाही. ऐकणाऱ्याला मात्र एकाच वेळी तीन खोल्यांत उभं राहायला सांगितल्यासारखं होतं, आणि डोक्यात एका वेळी मावतं किती? मग तो सोपा मार्ग घेतो. तिसऱ्या खोलीत बसून राहतो, सूत्र पाठ करतो. 'फ्लास्कमध्ये काय आहे' या प्रश्नाने बहिणीने त्यांना तिसऱ्या खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकललं. व्हिडिओ हे करू शकत नाही, कारण समोरचा कुठल्या खोलीत बसलाय हे व्हिडिओला दिसत नाही.

हे आमच्या धंद्यातही रोज बघतो. नवीन मुलं येतात, ट्यूटोरियल बघून आलेली असतात, सगळं 'कळलेलं' असतं. पहिला बग हातात आला की हात थंड. त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर कोण बसलंय यावर पुढचं सगळं ठरतं.

आता आकड्यांबद्दल. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून बघितले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास, वर्गात मुलांना कामाला लावणाऱ्या पद्धतींत २१.८ टक्के. फरक लहान नाही. पण हे आकडे 'वर्गात काम करण्याचे' आहेत, व्हिडिओचे नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्याच एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या वर्गावर जेन्सन, कुमर आणि गोडॉय यांनी नेमकं हेच तपासलं. एक वर्ग उलटा, दुसरा न उलटलेला, पण दोन्हींत मुलं कृती करत शिकणार. निकालात फरक पडला नाही. म्हणजे फायदा कृतीचा, उलटवण्याचा नाही. पोगिलवाल्यांनी व्हिडिओशिवाय तेच साधलं होतं.

आणि मग तो २०१९ चा अभ्यास, जो मी बहिणीला रात्री अकरा वाजता पाठवला. हार्वर्डमध्ये लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या मुलांचे दोन गट केले. मजकूर तोच. एका गटाला अनुभवी शिक्षकाचं सफाईदार व्याख्यान, दुसऱ्याला आधी स्वतः झगडायला लावून मग उत्तर. चाचणीत दुसरा गट वरचढ. पण 'किती शिकलात असं वाटतं?' या प्रश्नावर पहिला गट खूश आणि दुसरा नाराज! जे जास्त शिकले त्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं.

हार्वर्डच्या पोरांना असं वाटतं, तर आमच्या तालुक्याच्या पोरांनी अर्ज दिला यात नवल काय? छान व्याख्यान ऐकताना सगळं गुळगुळीत वाटतं, आपणही हुशार वाटतो. स्वतः सोडवताना अडखळतो, आणि अडखळणं म्हणजे न शिकणं असं आपल्याला बारा-तेरा वर्षं शाळेने शिकवलेलं असतं.

पण थांबा, मुलांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर भावाने बहिणीची वकिली केल्यासारखं होईल. (तशी ती आहेच.) पहिल्या महिन्यात बहिणीने पंचवीस-पंचवीस मिनिटांचे व्हिडिओ पाठवले. निम्म्या मुलांनी उघडलेसुद्धा नाहीत. ही मुलं आसपासच्या गावांतून एस.टी.ने येतात, काही जण दुपारनंतर दुकानात किंवा शेतात काम करतात. घरात चांगला फोन एक असेल तर तो रात्री कुणाच्या हातात असणार? मुलींना घरी गेल्यावर आधी स्वयंपाक. 'घरी बघून या' हे वाक्य आपल्याला सोपं वाटतं, कारण आपल्याला घरी एक टेबल आणि एक दार असलेली खोली होती. ज्याच्या घरी वेळच नाही, त्याच्यासाठी उलटा वर्ग म्हणजे जो एक तास शिकायला मिळत होता तोही गेला. त्या वीस-पंचवीस सह्यांत अशा किती होत्या ते मी विचारलं नाही, पण असणार.

मग इंटरनेटवर आयआयटीवाल्यांची लेक्चरं आहेत की! एनपीटीईएल २००३ पासून आहे, स्वयम २०१७ पासून. चांगली आहेत, मी स्वतः बघितली आहेत. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला तासाभराचं इंग्रजी लेक्चर पाठवणं म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा पत्ता देणं.

अर्जानंतर बहिणीने पद्धत बदलली. व्हिडिओ सात-आठ मिनिटांचे, पुस्तकांच्या ढिगावर फोन आडवा ठेवून कागदावर लिहितानाचे, बोलणं आपलं नेहमीचं मराठी-इंग्रजी. सोबत पाठपोट एक झेरॉक्स, म्हणजे व्हिडिओ नाही बघितला तरी स्टँडवर गाडीची वाट बघताना वाचता येईल. तासाची पहिली दहा मिनिटं त्याच कागदावर. आणि उलटा वर्ग फक्त शनिवारी, बाकीचे दिवस खडू-फळा. शिवाय हार्वर्डच्या त्या अभ्यासातली एक युक्ती तिने उचलली. तिथे सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना सांगून बघितलं होतं, की तुम्हाला कमी शिकल्यासारखं वाटेल, त्यावर विश्वास ठेवू नका, आणि त्याचा उपयोग झाला होता. हिने दिवाळीच्या आधी सांगितलं. उशिरा, पण सांगितलं.

आता माझं म्हणणं. एवढं सगळं करायला तिला किती वेळ लागतो? बफरचे ते तीन प्रश्न सुचायला, आकडे असे निवडायला की बरोबर तिसऱ्या प्रश्नावर कॅलक्युलेटरने हात टेकावेत, तिचा एक अख्खा रविवार गेला. वर कागद, वर व्हिडिओ. त्याचे पैसे? शून्य. तिला तासाचे पैसे मिळतात, आणि तास म्हणजे वर्गात उभं राहून घालवलेला वेळ. जुन्या नोट्स वाचून दाखवल्या असत्या तरी तेवढेच पैसे, आणि अर्जही नाही. वर्षाच्या शेवटी नॅकच्या फायलीसाठी मुलांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात. मुलं काय भरणार? तर 'किती शिकल्यासारखं वाटलं' ते. म्हणजे जी पद्धत वाटण्यात मार खाते आणि शिकण्यात जिंकते, तिला आपण फक्त वाटण्यावर मार्क देतो, आणि त्या मार्कांवर जिची नोकरी दर जूनला टांगलेली असते तिला म्हणतो, जरा इनोव्हेटिव्ह व्हा.

यूजीसीने २०२१ मध्ये मिश्र पद्धतीच्या अध्यापनाचा मसुदा काढला, त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेऊ द्यावा असं होतं. वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण संस्थाचालकाच्या डोक्यात पहिलं गणित काय येणार ते कळायला केमिस्ट्री लागत नाही: व्हिडिओ एकदाच करायचा, मग तितके तास कमी, तितकं मानधन कमी. उलट्या वर्गात माणूस कमी लागत नाही, जास्त लागतो. बहिणीच्या वर्गात साठ मुलं. शनिवारी ती पंधरा गटांत फिरते आणि तास संपेपर्यंत जेमतेम दहांपर्यंत पोचते. तिथे अजून एक माणूस हवा, एम.एस्सी.चा एखादा विद्यार्थी का असेना.

म्हणून स्मार्ट बोर्ड, रेकॉर्डिंग स्टुडिओ यांच्या उद्घाटनाचे फोटो बघितले की मला राग येतो. तो पैसा शनिवारच्या एका तासामागे तयारीचे दोन तास मोजून द्यायला वापरा ना! हजेरीपटावर 'तयारी' असा एक रकाना काढा आणि त्यावर सही घ्या. कॅमेरा तिच्या फोनला आहेच.

असो. जूनमध्ये तिचं नाव यादीत आलं. प्राचार्य फारसं काही बोलले नाहीत, 'सिलॅबस वेळेत ठेवा' एवढंच. सह्या करणाऱ्यांपैकी दोघे-तिघे आता टी.वाय.ला आहेत आणि शनिवारचा कागद आम्हालाही द्या म्हणून येतात. बाकीच्यांचं माहीत नाही.

गेल्या रविवारी तिने पुढच्या आठवड्याचा प्रश्न मला आधी पाठवला, कठीण झालाय का बघ म्हणून. शुद्ध पाणी साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं, पीएच साडेसहा आला. पाणी ॲसिडिक झालं का?

मी चहा पिता पिता लिहून टाकलं, हो.

लगेच उत्तर आलं, "दादा, कारण लिही."